मागच्या दाराची चावी

कार्तिक लागला की आमच्याकडचा दिवस उशिरा सुरू होतो. उजाडतं वेळेवरच, पण कपाशीच्या पऱ्हाटीवर रात्रीचं दहिवर असेपर्यंत कापसाला कोणी हात लावत नाही. ओला वेचलेला कापूस घरात पडून पिवळा होतो. म्हणून वेचणाऱ्या बाया आठलाच येऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसतात, डब्यातली भाकर उघडतात, कोणाच्या सुनेचं काय झालं ते बोलतात. दहाच्या सुमारास ऊन बोंडांवर उतरतं आणि मग कोणी काही न सांगता सगळ्या एकदम उठतात. कमरेला फडकं बांधलं जातं आणि बोलणं कमी होतं. मला ते आधीचं दोन तास वाट पाहणं फार आवडतं. सगळं आयुष्य घड्याळाबरोबर काढलेल्या बाईला दिवसातून एकदा उन्हाची परवानगी घ्यावी लागते, हे बरं आहे.

सई, नचिकेत, तुम्ही मागच्या महिन्यात फोनवर तुमच्या नव्या गाडीतली काचेची पाटी दाखवलीत. ती रस्ता सांगते, गाणी लावते, मागे कोणी उभं असेल तर ओरडते. मग नचिकेतने विचारलं की आजी अजून ती म्हातारी लांब गाडी का ठेवून आहे. तुमच्या आईने उत्तर दिलं की आजीला वस्तू टाकवत नाहीत. ते खरं नाही. मी वस्तू सहज टाकते. माझ्या कपाटात दोन वर्षं न नेसलेलं लुगडं सापडणार नाही. त्या गाडीचं कारण वेगळं आहे आणि ते फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. या वेचणीत तिचा निकाल लागायचा होता, आणि तिच्याबरोबर माझाही.

कागदपत्रांसाठी माझ्याकडे कप्प्यांची एक फाइल आहे. एका कप्प्यावर ‘गाडी’ लिहिलं आहे, शेजारच्यावर ‘मी’. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते आणि म्हाताऱ्या माणसाच्या लायसन्सचंही तसंच असतं. दसऱ्याच्या सुमारास फाइल उघडली तर दोघींची मुदत एकाच महिन्यात संपत होती. गाडीची तपासणी यवतमाळला होणार होती. माझीही.

गाडीचं खरं नाव स्टेशन वॅगन. तुमच्या आजोबांनी, म्हणजे नानांनी, ती तुमची आई सहावीत असताना घेतली. तेव्हाच ती कोणाची तरी वापरून झालेली होती. कळंबला आमच्या दारात ती उभी राहिली तेव्हा मी थोडी खट्टू झाले होते. मी नागपूरची, इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. माझ्या मैत्रिणींकडे छोट्या, नेटक्या, पाठीला उतार असलेल्या गाड्या होत्या. ही मागे लांबच लांब होती, जणू काही कोणी पुढची गाडी बनवून झाल्यावर उरलेला पत्रा फुकट जाऊ नये म्हणून जोडला असावा. गावाने दोन दिवसांत तिचं नाव ‘लांबी’ ठेवलं.

नानांनी पहिल्याच आठवड्यात मागची सीट काढून गोठ्यात ठेवली. मी विचारलं, पाहुणे आले तर कुठे बसतील. ते म्हणाले, “पाहुणे दिवाळीले येतात, कापूस चार महिने येते.”

ती सीट गोठ्यात राहिली आणि तिच्यावर मांजरीच्या कित्येक पिढ्या झाल्या. मागे नुसता सपाट पत्रा उरला, पुरुषभर लांब. त्या पत्र्यावरून काय काय गेलं ते मी कधी लिहून ठेवलं नाही, माझ्यासारख्या मास्तरणीने लिहायला हवं होतं. खताची पोती, तुरीची पोती, एकदा पाय मोडलेलं वासरू, त्याचं डोकं तुमच्या आईच्या मांडीवर. शाळेची बाकं. चिंतामणीच्या देवळाजवळच्या एका लग्नाची सगळी भांडी, आणि ती भांडी आणायला गेलेला आचारी भांड्यांच्या मधे बसून. प्रत्येक वेळी परत आल्यावर बादलीभर पाणी ओतायचं आणि मागचं दार उघडं ठेवायचं. संपलं. चांगल्या गाडीला माणसं जपतात. लांबीला कोणी जपलं नाही, म्हणून ती कोणालाही देता आली. शेजारी मागायला यायचे तेव्हा ‘जरा सांभाळून’ असं म्हणावंच लागायचं नाही. तिला आधीच इतके पोचे होते की नवा कोणता ते कळलं नसतं. बाभुळगावच्या मिस्त्रीला मी एकदा विचारलं होतं, ही अजून किती दिवस चालेल. तो हात पुसत म्हणाला, “मॅडम, इसमें बिगडने को है ही क्या?”

पण मला एका वेचणीबद्दल सांगायचं आहे. कार्तिकात पऱ्हाटी फुटली आणि मधल्या ओळींत तुरीला पिवळी फुलं आली, की दरवर्षी तीच आठवते.

त्या वर्षी नाना विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि डाव्या पायाला दीड महिन्याचं प्लास्टर लागलं. कापूस तर फुटला होता. माझ्याकडे लायसन्स होतं, नागपूरला शिकताना काढलेलं, पण मी गाडी चालवली होती ती सपाट डांबरी रस्त्यावर, वडिलांच्या शेजारी बसून. शेताची वाट म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. नानांनी खाटेवरून शिकवलं. उशीवर हात ठेवून गिअर दाखवले. नाल्यात उतरताना ब्रेक दाबायचा नाही, पहिल्या गिअरवर सोडून द्यायची, ती आपली उतरते. मी वहीत उतरवून घेतलं. ते म्हणाले, “वही कायले? नाला वाचून थोडाच उतरणार हायेस.”

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. धुऱ्याजवळ दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पहिला कापूस ठेवायचा आणि दहीभात दाखवून तो शेतात शिंपडायचा. दही नेणं घरच्या बाईचं काम. दरवर्षी मी ते मांडीवर घेऊन नानांच्या शेजारी बसून जात असे. त्या वर्षी मांडी रिकामी नव्हती, पाय क्लचवर होते. दह्याचं गाडगं मी शेजारच्या सीटवर ठेवलं, भोवती टॉवेल व्यवस्थित गुंडाळून. नाल्यात मी ब्रेक दाबला. गाडगं नमस्कार घातल्यासारखं पुढे गेलं.

शेतात पोचले तेव्हा दही सीटवर होतं, माझ्या पायावर होतं, गिअरच्या दांडीवर होतं. रडायला आलं होतं. बायांची मुकादम सोनीबाई दार उघडून आत वाकली. ती जवळच्या तांड्यावरची. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. आता तांड्याची स्वतःची शेती होती, आणि स्वतःचं वेचून झालं की बाया आमच्याकडे यायच्या. तिने सीटवरचं दही ओंजळीने भातावर काढून घेतलं. मी म्हटलं, अगं सांडलेलं देवाला कसं चालेल. ती म्हणाली, “सांडलं कुठी? गाडीनं आधी खाल्लं. तिले बी भूक असन ना, बाई.” आणि तिने एक बोट दही गाडीच्या कपाळाला, म्हणजे पुढच्या पत्र्याला, लावलं.

त्या सीटचा आंबूस वास कितीतरी महिने गेला नाही. आज लांबीत बसलं की मला तो येतो. खरंच येतो की आठवतो, ते मला माहीत नाही.

आता चावीचं सांगते. गावात कोणी गाडीतून चावी काढत नसे. नानाही नाही. गाडी शेतात उभी, चावी तिच्यातच लटकलेली. मला ते बघवत नसे. मी चावी काढायची, चारी दारं लावायची, मग पाणी आणि डबे काढायला मागचं दार त्याच चावीने उघडायची. ते दार वरच्या बाजूला उघडायचं आणि त्याचा दांडा गेलेला असल्यामुळे बाभळीची काठी टेकवून ठेवावं लागायचं. बाया हसायच्या. कापसाच्या वावरात कोण चोर येणार, आणि आला तर ही गाडी कशाला नेईल.

तिसऱ्या वेचणीला बाया कमी होत्या. कापूस गाडीत भरायचा म्हणजे नुसता टाकायचा नसतो, आत शिरून तुडवायचा असतो, तेव्हा तो मावतो. सोनीबाई तुडवत होती, एकटी दमली, म्हणून मीही पदर खोचून आत चढले. कापूस तुडवायला पायांना फार छान वाटतं. उन्हात तापलेला, खाली सरकीचा बारीक टणकपणा आणि वर काहीच नाही. आम्ही दोघी कमरेत वाकून, एकमेकींच्या खांद्याला धरून गोल गोल फिरलो, पाठ छताला लागेपर्यंत, मग गुडघ्यांवर, मग रांगत बाहेर. नागपूरच्या माझ्या प्राध्यापिका मला तसं बघत्या तर काय म्हणाल्या असत्या, असा विचार मनात आला आणि मी जोरात हसले.

दिवस कलला. मी चावीसाठी कमरेला हात लावला. चावी नव्हती.

सगळ्यांना एकच सुचलं, ती कापसात पडली. दुसरीकडे जाणार कुठे? ताडपत्री अंथरली आणि दिवसभराचा कापूस आम्ही पुन्हा बाहेर काढला. नऊ बाया गोल बसल्या आणि वेचलेला कापूस पुन्हा वेचू लागल्या, मूठ मूठ चाचपत. एक म्हातारी म्हणाली, आजवर बोंडातून कापूस काढला, आता कापसातून लोखंड काढायचं. वारा सुटला तसे पुंजके धुऱ्याच्या बोरीला जाऊन लागले. सूर्य खाली गेला, रात्र पडायच्या आत तांड्यावर पोचायचं होतं, आणि माझ्या शिस्तीपायी नऊ जणी थांबल्या होत्या. कोणी मला बोललं नाही. त्याचंच वाईट वाटत होतं.

ताडपत्रीवरचा शेवटचा पुंजका बघून झाला. काहीच नाही. सोनीबाई उठली, म्हणाली आता भरून ठेवू आणि बैलाने ओढत नेऊ. दारातला कापूस झाडायला तिने काठी काढली. दार खाली आलं, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला, कुलपात, चावी होती. सकाळी मीच लावलेली. दार वर उचललेलं असल्यामुळे दिवसभर ती आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर, आभाळाकडे तोंड करून होती.

सोनीबाईने ती बोटाने हलवली. “माय व,” ती म्हणाली, “बाईनं तर देवाजवळच ठेवली होती.” मग नऊ जणी हसल्या त्या थांबेचनात.

घरी आल्यावर नानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणून मी काढत नाही चावी.” एवढंच. दुसऱ्या दिवशी सोनीबाईने तिच्या ओढणीची एक कवडी लाल दोऱ्यात ओवून चावीला बांधली, हरवली तर वाजावी म्हणून. त्यानंतर मी चावी गाडीतून काढली नाही. तेवढी एकच बेशिस्त मी आयुष्यभर पाळली.

परत येताना सोनीबाई नेहमी मागे बसायची, भरलेल्या कापसावर, पाय दाराकडे सोडून. इतर दोघीतिघी पुढे माझ्या शेजारी दाटीने बसत, बाकीच्या पायी निघत. मी तिला म्हणायची, सोनीबाई, पुढे ये, मागे धक्के लागतात. ती म्हणायची, “पुढं काय हाय? पुढं तर रस्ता येऊनच राह्यला. मांगून पाहा येक डाव कसा दिसते तो.” मी म्हणायची, मी मागे बसले तर चालवेल कोण. हा आमचा रोजचाच संवाद होऊन बसला होता. नानांचा पाय बरा झाला, पण त्यांनी गाडी परत मागितली नाही. मग तीच लांबी मी चालवत राहिले, ते होते तोवर आणि ते गेल्यावरही. मागे बसायची वेळ कधी आली नाही.

या वर्षी भाद्रपदात, बाभुळगावकडून येताना, मला रस्त्यावरचा एक मैलाचा दगड दिसेनासा झाला. म्हणजे दगडाची जागा दिसत होती, दोन्ही बाजूचं गवत दिसत होतं, आणि मधे दगड नव्हता. मान वळवली तसा तो आला. मी तुमच्या आईला सांगितलं नाही. पुढे पंधरा दिवस मी फक्त शेतापर्यंत गेले, सावकाश, आणि स्वतःला सांगत राहिले की धूळ होती.

यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तुमच्या आईच्या वयाच्या. त्यांनी मला चौकटी आखलेला कागद दाखवला आणि मधल्या रेषा कशा दिसतात ते विचारलं. मी म्हटलं, मधे रेषा नाहीत. मधे नजर झिजली आहे, त्या म्हणाल्या. कडेची नजर शाबूत राहील. भिंगाने वाचता येईल, घरात वावरता येईल. मी लायसन्सचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, सही न करता घडी घालून परत माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या हातावर हात ठेवला. मी आयुष्यभर पोरांच्या चुका लाल शाईने दाखवल्या आहेत. इतक्या हळुवारपणे एकही दाखवली नाही.

घरी येऊन ‘मी’ लिहिलेला कप्पा मी रिकामा केला. ‘गाडी’चा तसाच राहिला.

तुमच्या आईने फोनवर सगळं नीट समजून घेतलं. ती रागावली नाही, यावरून मला समजलं की ती घाबरली होती. तिचं म्हणणं बरोबर होतं. चालवणारी नाही, तर गाडी ठेवायची कशाला. जुन्या गाड्या वजनावर नेणारा एक माणूस तिने शोधून दिला. तो शनिवारी येणार होता. मी शुक्रवारी लांबी धुतली. कोणी देहाला शेवटची आंघोळ घालावी तसं हे लिहिते आहे असं समजू नका. मी ती दर शुक्रवारीच धुते.

शनिवारी सकाळी फाटकाशी गाडी थांबली, पण तो माणूस नव्हता. काजलचा पिकअप होता. काजल म्हणजे सोनीबाईची नात. बी.ए. झाली, नोकरीची दोन वर्षं वाट पाहिली, मग एक जुना छोटा पिकअप घेतला आणि स्वतः चालवायला लागली. कापूस, सोयाबीन, दुधाचे कॅन, जे असेल ते नेते. तिच्या घराण्यात बैल गेल्यावर इतक्या वर्षांनी पुन्हा वाहतूक आली, असं ती हसत म्हणते. तिच्या पिकअपचा रंग कोणता ते मला कधी ठरवता आलं नाही. त्याच्या मागच्या फळकुटाला एका बाजूला तार बांधली आहे. मला तो पहिल्यापासून आवडतो.

काजल बसली नाही. मी तिला लाडू दिला, तो हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, “याडी, लांबी भंगारात चालली म्हणते तांडा. खरं हाय का?” याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, मोठ्या बाईलाही म्हणतात. मी म्हटलं, खरं आहे. ती म्हणाली, “मले द्या.”

मी विचारलं की तुझ्याकडे पिकअप असताना ही कशाला. ती सांगू लागली. पिकअपमध्ये माल नेता येतो, बाया नाही. तरण्या बाया चढतात, उभ्या राहतात, पोलीस अडवतो तेव्हा उतरतात. पण सोनीबाईला आता सकाळी शेतापर्यंत चालवत नाही आणि फळी ओलांडून चढवतही नाही. दोन वर्षं झाली, वेचणीच्या दिवसांत ती तांड्यावर एकटी बसून राहते आणि सगळ्यांशी भांडते. तिच्यासारख्या अजून चार जणी आहेत. वेचायला किती वेचतील ते सोडा, पण धुऱ्यावर बसायला तर येतील. “लांबीचं मागचं दार बसकं हाय,” काजल म्हणाली. “आजी आपल्या पायानं चढते तिच्यात.”

मी आत जाऊन वजनावाल्याला फोन केला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, सवारी मिळाली.

तपासणीला लांबी काजलने नेली. मी शेजारी बसले, फाइल मांडीवर घेऊन, पूर्वी दह्याचं गाडगं घेऊन बसत असे तशी. तपासणाऱ्या तरुणाने खाली वाकून पाहिलं, दिवे लावून पाहिले, ब्रेक लावून पाहिला, आणि मग उगाच स्टीअरिंगवर हात फिरवत थोडा वेळ बसून राहिला. त्याच्या काकांकडे अशीच होती म्हणे. कागदावर शिक्का बसला. अजून पाच वर्षं. मी हिशेब केला नाही की मी तोवर किती वर्षांची होईन.

काल पहिली वेचणी होती. सीतादही सोनीबाईने केलं, मी दही धरलं. दुपारपर्यंत आम्ही दोघी धुऱ्यावर बसून होतो. ती मला कोणत्या बाईचा हात चांगला चालतो ते सांगत होती आणि मला त्या बाया एकसारख्या, कडेने दिसत होत्या. संध्याकाळी पोरींनी कापूस तुडवला. छतापर्यंत भरू दिला नाही काजलने, अर्धाच. वर सतरंजी अंथरली. मग मला म्हणाली, बसा.

मी सवयीने पुढच्या दाराकडे वळले होते. सोनीबाई आधीच मागे चढून, पाय सोडून बसली होती. तिने शेजारची सतरंजी थोपटली.

गाडी सुरू झाली. कवडी चावीवर वाजली ती पुढून ऐकू आली. खाली कापूस अजून उन्हाने गरम होता. नाल्यात काजलने ब्रेक दाबला नाही, आणि मला अभिमान वाटला, जसं काही मीच तिला वहीतून शिकवलं होतं. काठी लावलेल्या उघड्या दारातून रस्ता मागे चालला होता, आणि तो मला दिसत नव्हता. मधे तो दगडासारखाच पुसून गेला होता. पण त्याच्या इकडे आणि तिकडे वावरं होती, पांढरी, मधे तुरीची पिवळी ओळ, धुऱ्यावरची बोर, बोरीला लागलेले पुंजके. इतक्या वर्षांत गाडी चालवताना मी ही बाजूची वावरं कधी पाहिली नव्हती. तेव्हा मला खड्डे पाहायचे असत.

सोनीबाईने माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

“दिसून राह्यलं का?”

“दोन्ही बाजूचं दिसतं,” मी म्हटलं. “मधला रस्ता नाही दिसत.”

“मंग झालं तं,” ती म्हणाली. “रस्ता काजल पाहून राह्यली.”